जुनं ठेवू की नवं घेऊ?

लिनक्सवर अपडेट चालू असताना कधी कधी मध्येच सगळं थांबतं आणि टर्मिनलवर एक प्रश्न येतो. अमुक एक कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही, किंवा तुमच्या वतीनं एखाद्या स्क्रिप्टनं, बदललेली आहे. इकडे पॅकेज बनवणाऱ्यानंही तिची नवी प्रत पाठवली आहे. आता काय करायचं? 'वाय' दाबलं तर नवी प्रत बसेल. 'एन' दाबलं तर तुमची राहील. 'डी' दाबलं तर दोन्हींतला फरक दिसेल. 'झेड' दाबलं तर जरा बाजूला जाऊन स्वतः तपासून परत येता येईल. आणि काहीच न निवडता नुसतं एंटर मारलं, तर तुमची प्रत आहे तशी ठेवली जाईल.

बहुतेक लोक एंटर मारतात. काही जण 'नवं ते चांगलं' म्हणून 'वाय' मारतात. 'डी' दाबून फरक वाचणारा माणूस मी तरी क्वचितच पाहिलाय. माझं म्हणणं असं आहे, की संगणकानं विचारलेला हा प्रश्न अगदी योग्य आहे, पण त्याचं उत्तर त्या क्षणी द्यायचं नसतं. ते बदल करतानाच तयार ठेवायचं असतं. आणि हे काम साहित्याच्या विद्यार्थ्यांना परकं वाटायचं काहीच कारण नाही, कारण एका ग्रंथाच्या अनेक प्रती जुळवताना आपण हेच करत असतो.

ज्यांचा लिनक्सशी फारसा संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. लिनक्समधल्या बहुतेक प्रणालींच्या सेटिंगा 'एटसी' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. कुठलाही एडिटर उघडून त्या वाचता येतात, आणि परवानगी असेल तर बदलताही येतात. बदल का करावा लागतो? आपल्याच कामातलं उदाहरण घेऊ. संगणकावर देवनागरी मजकूर पुष्कळदा हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील, तर मराठीसाठी कोणता फॉन्ट आधी घ्यायचा हे संगणकाला सांगावं लागतं. ते सांगायची जागा म्हणजे फॉन्टांची कॉन्फिगरेशन फाइल. ज्यानं ती बदलली त्यानं संगणक आपल्या भाषेला लावून घेतला. म्हणून अशी फाइल अपडेटमध्ये गुपचूप पुसली गेली, तर नुसती सोय जात नाही, कुणाचं तरी केलेलं काम जातं.

डेबियन ही १९९३ साली इयन मर्डॉकनं सुरू केलेली प्रणाली, आणि उबुंटू तिच्यावरच उभी आहे. डेबियनच्या नियमावलीत यासाठी स्पष्ट नियम आहे: वापरणाऱ्यानं कॉन्फिगरेशनमध्ये केलेले बदल पॅकेजच्या अपडेटमध्ये टिकलेच पाहिजेत. हा नियम पाळायचं काम 'डीपीकेजी' हा प्रोग्राम करतो, आणि त्याची रीत समजायला सोपी आहे. त्याच्यासमोर तीन प्रती असतात. पहिली, मागच्या वेळी पॅकेजबरोबर आलेली मूळ प्रत. दुसरी, आत्ता तुमच्या संगणकावर असलेली. तिसरी, नव्यानं आलेली. तुम्ही मूळ प्रतीला हात लावलेला नसेल, तर नवी प्रत न विचारता बसते. तुम्ही बदल केलाय पण पॅकेजवाल्यानं काही बदललेलं नाही, तर तुमची प्रत न विचारता राहते. दोघांनीही बदल केला असेल, आणि ते बदल सारखे नसतील, तरच प्रश्न येतो. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. तुम्ही अशी फाइल मुद्दाम काढून टाकली असेल, तर डीपीकेजी ती आपणहून परत आणत नाही. काढून टाकणं हाही तुमचा निर्णय होता, असं तो धरून चालतो.

हा प्रश्न येतो म्हणून लोक वैतागतात. 'फोन कसा, काही न विचारता रात्रीत अपडेट होतो!' असं ऐकायला मिळतं. खरं आहे. पण फोन विचारत नाही, कारण आपण बदलावं असं त्यानं फारसं काही आपल्या हातात दिलेलंच नसतं. भाड्याच्या खोलीत मालक न विचारता रंग काढू शकतो. घर आपलं असेल तर रंगाऱ्याला आधी विचारावं लागतं. प्रश्न नको असेल तर अधिकारही सोडावा लागेल. मला तो सौदा मान्य नाही.

सगळ्याच लिनक्स प्रणाली विचारतात असंही नाही. फेडोरा आणि तिच्या घराण्यातल्या प्रणाली 'आरपीएम' वापरतात. तिथं फाइल कोणत्या प्रकारची हे पॅकेज बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. एका प्रकारात तुमची प्रत राहते आणि नवी प्रत 'आरपीएमन्यू' असं शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात नवी प्रत बसते आणि तुमची 'आरपीएमसेव्ह' नावानं बाजूला जाते. आर्च लिनक्समध्ये तुमची प्रत तशीच राहते आणि नवी 'पॅकन्यू' नावानं शेजारी येऊन बसते. डेबियनमध्येसुद्धा तुम्ही जुनी ठेवलीत तर नवी 'डीपीकेजी-डिस्ट' नावानं आणि नवी घेतलीत तर जुनी 'डीपीकेजी-ओल्ड' नावानं तिथंच पडून असते. म्हणजे यांतला कुणीही तुमचं लिखाण जाळून टाकत नाही. सगळे ते बाजूला ठेवतात. अडचण अशी, की बाजूला ठेवलेलं नंतर कुणी उघडून बघत नाही. ज्या संगणकावर चार-पाच वर्षं अपडेट चाललेत, त्याच्या एटसीत अशा शेपटीच्या फाइली शोधून बघा. भाऊबंदकीतल्या जुन्या दस्तांसारख्या त्या निघतात. प्रत्येकीत कधीतरी टाळलेला एकेक निर्णय असतो.

मग एंटर मारून आपलंच ठेवलं तर काय बिघडलं? बिघडतं. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी ओपनएसएसएच वापरतात. २०१५ साली त्याच्या ७.० आवृत्तीत एक महत्त्वाची गोष्ट बदलली. सर्वाधिकार असलेल्या 'रूट' खात्यात बाहेरून नुसत्या पासवर्डवर शिरता येणं मूळ ठेवणीत बंद झालं. पण मूळ ठेवण लागू होते ती फाइलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तेव्हाच. ज्याच्या जुन्या फाइलीत 'रूटला येऊ द्या, होय' अशी ओळ स्पष्ट लिहिलेली होती, त्याचं दार अपडेटनंतरही तसंच उघडं राहिलं. प्रोग्राम नवा झाला आणि परवानगी जुनीच राहिली. आपण मात्र समजतो की अपडेट झालंय, आता सगळं ठीक.

दुसरी गोष्ट तर त्याहून गप्पपणे होते. उबुंटूमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवायची सोय असते. पण एखादं पॅकेज बसवताना असा प्रश्न येणार आहे हे त्या सोयीच्या लक्षात आलं, आणि उत्तर काय द्यायचं हे आधी सांगून ठेवलेलं नसलं, तर ती ते पॅकेज तसंच सोडून पुढं जाते. तिचंही बरोबर आहे. रात्री दोन वाजता उत्तर द्यायला कोण बसलंय? पण याचा अर्थ असा, की कुणीतरी कधीतरी मुख्य फाइलीत केलेल्या एका ओळीच्या बदलापायी सुरक्षेची दुरुस्ती अडकून राहू शकते, आणि कुणी नोंदी वाचल्या नाहीत तर कळतही नाही.

आता 'वाय' मारणाऱ्यांचं बघू. आपल्या मंडळाचा अंक ज्या संगणकावर जुळवला जातो तो उबुंटूवर चालतो. काही वर्षांपूर्वीच्या एका सीनियरनं त्यावर मराठी वळणाची अक्षरं दिसतील अशी व्यवस्था केली होती, पण थेट मुख्य फॉन्ट-फाइलीत. गेल्या वर्षी मोठं अपडेट झालं आणि प्रुफं निघाली ती हिंदी वळणाच्या 'ल'ची. लॅबमधल्या दादांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, विचारलं होतं त्यानं. पण ते कुणी, कशासाठी बदललंय हे मला कुठनं कळणार?"

त्यांना दोष देता येत नाही. माझ्या मते अख्ख्या विषयाचं मर्म त्यांच्या वाक्यात आहे. डीपीकेजीचा प्रश्न असं धरून चालतो, की कीबोर्डसमोर बसलेला माणूस आणि फाइल बदलणारा माणूस एकच आहे. घरच्या संगणकावर ते खरं असतं. कॉलेजात, चर्चच्या कार्यालयात, वाचनालयात ते जवळजवळ कधीच खरं नसतं. बदल करणारा पास होऊन गेलेला असतो. प्रश्न भलत्याच माणसाला विचारला जातो, आणि तो बिचारा अंदाजानं एक अक्षर दाबतो.

इथं आपल्या अभ्यासातलं एक उदाहरण आठवतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, ती हाती आलेल्या पाठांतले फरक तपासून. दोन प्रतींत फरक आहे एवढं कळून भागत नाही. कुठला शब्द मूळचा आणि कुठला नंतरच्या हाताचा, हे ठरवावं लागतं. फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचं दुखणं तर गोव्यात आपण जवळून ओळखतो. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, पण त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. रोमन हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला सलढाण्यांनी त्याची आवृत्ती काढली. लंडनला देवनागरी हस्तलिखित आहे. रोमन पाठात जिथं पोर्तुगीज वळणाचे शब्द येतात, तिथं देवनागरीत बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे येतात. यांतला कुठला शब्द स्टीफन्सचा, हे सांगायला ते पहिलं छापील पान हवं होतं. ते नाही, म्हणून वाद आहे.

कॉन्फिगरेशन फाइलीतही नेमकं असंच होतं. तुमची प्रत आणि आलेली प्रत शेजारी ठेवल्या, तर वीस ओळींत फरक दिसेल. त्यांतल्या दोन तुम्ही बदललेल्या आणि अठरा पॅकेजवाल्यानं. पण कुठल्या दोन? ते कळायला मागच्या वेळची मूळ प्रत लागते. ती असली की तुमचा बदल वेगळा काढता येतो, त्यांचा वेगळा काढता येतो आणि दोन्ही नव्या प्रतीत उतरवता येतात. डीपीकेजी त्या मूळ प्रतीचा मजकूर ठेवत नाही. तो ठेवतो फक्त तिची एक खूण, मजकुरातून गणितानं काढलेली अक्षरांची एक ओळ. त्या खुणेवरून फाइल बदलली आहे एवढं कळतं, काय बदललं ते कळत नाही. म्हणून 'डी' दाबल्यावर दिसणारा फरक वाचायला एवढा अवघड जातो. डेबियनच्याच मनोज श्रीवास्तव यांनी लिहिलेल्या 'यूसीएफ' या साधनात मूळ प्रत जपून तीन प्रती जुळवायची सोय आहे, पण ती वापरणारी पॅकेजं थोडी. तेव्हा मूळ प्रत जपायची जबाबदारी आपल्याकडेच येते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन हातांचं लिखाण एका पानावर येऊच न देणं. मूळ पोथी तशीच ठेवायची आणि आपली टीप वेगळ्या कागदावर लिहायची. बऱ्याच प्रणालींत यासाठी 'डॉट-डी' शेवटाचे फोल्डर केलेले असतात. मुख्य फाइल पॅकेजवाल्याची; तुमच्या चार ओळी त्या फोल्डरमधल्या तुमच्या छोट्या फाइलीत. सुडोसाठी असा फोल्डर आहे, एपीटीच्या स्रोतांसाठी आहे, ओपनएसएसएचमध्ये २०२०च्या ८.२ आवृत्तीपासून तशी सोय झाली. सिस्टिमडीनं तर जागाच वाटून दिल्या: पॅकेजचं 'यूएसआर' फोल्डरखाली, तुमचं 'एटसी'त. ओपनसुसेही पॅकेजच्या मूळ सेटिंगा 'यूएसआर'खाली नेऊ लागली आहे, म्हणजे एटसीत जे उरेल ते आपलंच. फॉन्टांच्या मुख्य फाइलीच्या डोक्यावर तर सरळ लिहिलेलं असतं, की ही बदलू नका, अपडेटमध्ये ती बदलली जाईल, तुमचे बदल 'लोकल' नावाच्या फाइलीत करा. आमच्या सीनियरनं ती सूचना वाचून आपल्या ओळी तिथं लिहिल्या असत्या, तर अपडेटला प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

हा उपाय म्हणजे रामबाण नव्हे. एक म्हणजे क्रम बघावा लागतो. कर्नलच्या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये एकच गोष्ट दोनदा लिहिली, तर नंतर वाचलेली खरी ठरते. ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये आधी वाचलेली खरी ठरते. फाइलींच्या नावांपुढे १०, ५०, ९९ असे आकडे दिसतात ते यासाठीच. दुसरं, वेगळ्या फाइलीतली तुमची ओळसुद्धा जुनी होऊ शकते. 'रूटला येऊ द्या' ही ओळ वेगळ्या कागदावर लिहिली म्हणून ती सुरक्षित होत नाही. फरक एवढाच, की दीडशे ओळींत लपलेली ती एक ओळ कुणी वाचत नाही, आणि चार ओळींची फाइल कुणीही वाचतं.

आता आक्षेप येईल, की सामान्य माणसानं हे सगळं का शिकावं? माझं उत्तर: ज्यानं एकही फाइल बदललेली नाही, त्याला काहीच शिकायचं नाही. त्याच्या या फाइली डीपीकेजी न विचारता नव्या करतो, तशीच त्याची रचना आहे. हे ओझं फक्त बदल करणाऱ्यावर आहे, आणि ते त्याच्यावरच असायला हवं. दुसऱ्याच्या पोथीत शाईनं दुरुस्ती करणाऱ्यानं खाली सही, तारीख आणि कारण लिहावं, एवढीच ही अपेक्षा आहे.

यात पॅकेज बनवणारेही सुटत नाहीत. शेकडो ओळींची एकच फाइल पाठवायची, तिच्यात नुसत्या टिपा इकडच्या तिकडे झाल्या तरी नवी प्रत म्हणून पुढं करायची आणि मग वापरणाऱ्याला कोड्यात टाकायचं, हे बरोबर नाही. असे फुकटचे प्रश्न दहादा आले की अकराव्या, खऱ्या प्रश्नालाही माणूस एंटरच मारतो. प्रश्न विचारणं ही सभ्यता आहे, पण उठसूट विचारणं नाही.

मंडळासाठी माझी सूचना साधी आहे. आपल्या संगणकावर 'एटसीकीपर' बसवावा. जोई हेस यांनी लिहिलेलं हे साधन सगळ्या एटसीचा इतिहास गिटमध्ये ठेवतं, आणि अपडेटच्या आधी व नंतर आपोआप नोंद करतं, म्हणजे मूळ प्रत हरवणार नाही. कुठलाही बदल शक्यतो वेगळ्या फाइलीत करावा. त्या फाइलीच्या पहिल्या ओळीत कुणी, कधी आणि का बदललं ते मराठीतच लिहावं. ओळीच्या सुरुवातीला टीपेचं चिन्ह असलं, म्हणजे ती ओळ संगणक वाचत नाही. ती माणसासाठीच असते. आणि दर सत्राच्या शेवटी एकदा 'डिस्ट' आणि 'ओल्ड' शेपटीच्या फाइली शोधून, उघडून, निकालात काढाव्यात. एक दुपार पुरेल.

मे महिन्यात आमची बॅच इथून जाईल. त्यानंतर कधीतरी, नव्या मुलांपैकी कुणीतरी अपडेट चालू करेल आणि पडद्यावर तोच प्रश्न उमटेल. त्या वेळी त्यांच्यासमोर नुसती चार अक्षरं असावीत की आपण लिहून ठेवलेलं कारण, हे आत्ताच ठरवायला हवं.